ओठांवरचा बाजा आणि हसण्याची रीत

वरोऱ्यासारख्या गावात टेलिव्हिजन आला तेव्हा एका घरातला संच साऱ्या मोहल्ल्याचा असे. मुंबईत दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीतल्या घरांना त्यानंतर बरीच वर्षे वाट पाहावी लागली. 1982 साली दिल्लीत आशियाई खेळ झाले, रंगीत प्रक्षेपण आले, देशभर लहान-मोठे प्रक्षेपक उभे राहिले आणि मग छपरांवर अँटेना दिसू लागल्या. मुले पुढे चटईवर, बाया मागे, पुरुष दारात उभे, अशी ती बैठक. छायागीत आणि रविवारचा चित्रपट ही आठवड्याची मेजवानी होती.

त्याआधीचे मनोरंजन म्हणजे रेडिओ, तंबूतला सिनेमा, उरुसातली कव्वाली, लग्नसराईतला बॅंड आणि एखाद्या हौशी तरुणाच्या खिशातला छोटासा बाजा. तोच माउथ ऑर्गन, ज्याला इंग्रजीत हार्मोनिका म्हणतात. जत्रेत खेळण्यांच्या दुकानात तो मिळे. कोणी त्यावर सिनेमाची चाल काढली की पोरे भोवती गोळा होत.

या बाजाची गोष्ट सांगावी असे वाटण्याचे कारण थोडे वेगळे आहे. टेलिव्हिजनच्या सुरुवातीच्या काळात जगभर हार्मोनिका वाजवणाऱ्या मंडळींचे ताफे फार लोकप्रिय होते. लोक त्यांचे वादन ऐकत आणि पोट धरून हसत. ते हसणे कशाला होते, हे आज तपासून पाहण्यासारखे आहे. आणि त्या तपासात सर्वात मोठी मदत दूर कुठली नसून वरोऱ्याच्या वेशीवरचीच आहे.

दहा छिद्रांचे वाद्य

माउथ ऑर्गन आणि आपली पेटी, म्हणजे हार्मोनियम, ही एकाच कुळातली वाद्ये. दोन्हींत धातूच्या पातळ पट्ट्या हवेने थरथरतात आणि सूर निघतो. पेटीत हवा भात्यातून येते, माउथ ऑर्गनमध्ये माणसाच्या छातीतून. साध्या बाजाला दहा छिद्रे आणि वीस पट्ट्या असतात. फुंकले की एक सूर, श्वास आत ओढला की दुसरा. श्वास घेणे आणि सोडणे दोन्ही उपयोगी पडते, असे वाद्य विरळाच.

जर्मनीतल्या ट्रॉसिंगेन गावात माथियास होनर या घड्याळजीने 1857 साली हे बाजे बनवायला सुरुवात केली आणि त्याच्या कारखान्याने ते जगभर पोचवले. पुढे बाजूला कळ असलेला बाजा निघाला. कळ दाबली की अर्धे सूरही मिळतात, त्यामुळे कोणतीही चाल त्यावर वाजवता येते. मग केवळ साथीसाठी वेगळे बाजे तयार झाले. एक खर्जाचा, आणि दुसरा एकाच वेळी अनेक सूर देणारा, जवळपास दोन फूट लांब. चाल एकाने धरायची, खर्ज दुसऱ्याने, भरणा तिसऱ्याने. तिघे-चौघे उभे राहिले की वाद्यवृंदाचा आवाज निघे. हार्मोनिकाचे ताफे उभे राहिले ते असे.

या वाद्याची आणखी एक खासियत आहे. वाजवताना ते कोणालाच दिसत नाही. ते ओठांत असते. डोळस वादकसुद्धा छिद्रे जिभेने आणि ओठांनीच शोधतो. म्हणजे या बाजापुढे आंधळा आणि डोळस एका पायरीवर उभे असतात. गळ्यात अडकवायची चौकट मिळते, ती लावली तर हातांशिवायही तो वाजतो. ज्याची बोटे चालत नाहीत, त्यालाही तो नाही म्हणत नाही.

रांगेबाहेर ढकललेला माणूस

अमेरिकेत बोरा मिनेविच नावाच्या वादकाने हार्मोनिका रॅस्कल्स हा ताफा उभा केला. 1930च्या दशकात नाट्यगृहांत आणि चित्रपटांत तो गाजला. या ताफ्यात जॉनी पुलिओ नावाचा अतिशय कमी उंचीचा कलाकार होता. ताफ्याचा मुख्य विनोद त्याच्यावरच बेतलेला असे. सगळे उंच वादक रांगेत उभे राहत, पुलिओ मध्ये शिरू पाही, ते त्याला ढकलून देत. तो पुन्हा येई, पुन्हा ढकलला जाई. प्रेक्षक हसून बेजार होत.

मिनेविचचे 1955 साली निधन झाले. त्या सुमारास पुलिओने हार्मोनिका गँग नावाचा स्वतःचा ताफा काढला. तो काळ अमेरिकेत घरोघरी टेलिव्हिजन पोचण्याचा होता. 1948 साली सुरू झालेले मिल्टन बर्ल आणि एड सलिव्हन यांचे कार्यक्रम लाखो घरांत पाहिले जात. जादूगार, कसरतवाले, गायक, बाहुल्यांचा खेळ, सगळे एकाच तासात. पुलिओची मंडळी तिथे झळकली. त्याने 1956च्या ‘ट्रॅपीझ’ या सर्कसवरच्या चित्रपटातही काम केले. पण विनोद तोच राहिला. एक बुटका माणूस, त्याच्या अंगाशी न जुळणारा लांबलचक बाजा आणि त्याला सतत बाजूला सारणारे साथीदार.

पुलिओचे कौतुक करायलाच हवे. तो उत्तम नकलाकार होता, एक शब्द न बोलता हजारोंना हसवी. आपल्या उंचीवर त्याने पोट भरले आणि नावही कमावले. तरीही एक प्रश्न उरतो. तो सरळ रांगेत उभा राहून नुसता बाजा वाजवता, तर कोणी त्याला रंगमंचावर बोलावले असते का?

त्याच काळात जेरी मुराड यांचे हार्मोनिकॅट्स हे तीन वादकांचे त्रिकूटही होते. 1947 साली त्यांची एक तबकडी लाखोंनी खपली. विदूषकी न करता केवळ वादनावर त्यांनी बाजार जिंकला. त्याआधी अमेरिकेतली वादकांची संघटना माउथ ऑर्गनला वाद्य मानायलाच तयार नव्हती, ते खेळणे आहे असे तिचे म्हणणे. या यशानंतर तिला आपली भूमिका बदलावी लागली. ज्याला खेळणे समजले त्याने आपली जागा मिळवली. पुलिओसारख्या माणसाला मात्र ती तितक्या सहज मिळाली नाही.

‘दोस्ती’तला रामू

आपल्याकडे माउथ ऑर्गन घराघरांत पोचवला तो सिनेमाने. 1958च्या ‘सोलवाँ साल’मध्ये देव आनंदवर चित्रित झालेल्या हेमंत कुमार यांच्या गाण्यात तो वाजला. वाजवणारा होता संगीतकार सचिन देव बर्मन यांचा तरुण मुलगा राहुल देव. मग 1964 साली राजश्रीचा ‘दोस्ती’ आला. सत्येन बोस दिग्दर्शक, लक्ष्मीकांत-प्यारेलाल संगीतकार, गीते मजरूह सुलतानपुरी यांची आणि नायकांचा आवाज मोहम्मद रफी यांचा. यातही बाजा राहुल देव बर्मन यांनीच वाजवला.

कथा अनेकांना पाठ असेल. अपघातात पायाने अधू झालेला रामू माउथ ऑर्गन वाजवतो आणि आंधळा मोहन गातो. रस्त्यावर भेटलेली ही दोन पोरे एकमेकांचे डोळे आणि पाय होतात. मोठा नायक नाही, नायिका नाही, मारामारी नाही. तरीही चित्रपटाला सहा फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. सर्वोत्तम चित्रपट, कथा, संवाद, संगीत, गीत आणि गायन. रफी आणि मजरूह दोघांनाही या चित्रपटाने सन्मान दिला. मजरूह साहेब मूळचे हकीम. लखनौला तिब्ब शिकून त्यांनी काही काळ दवाखानाही चालवला होता. दुखण्याची नस ओळखणाऱ्या माणसाने ही गीते लिहिली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पुलिओकडून रामूकडे येताना एक मोठे अंतर कापले गेले. इथे अपंग मुलाला कोणी चेष्टेचा विषय केले नाही. त्याच्या बाजावर प्रेक्षकांनी डोळे पुसले. 1975च्या ‘शोले’त अमिताभ बच्चन यांच्या ओठांवरचा बाजा भानू गुप्ता यांनी वाजवला. त्याच चित्रपटातले आंधळे इमामसाहेब, ए. के. हंगल यांनी रंगवलेले रहीम चाचा, आठवा. साऱ्या गावाचा त्यांना आदर आहे, काठी पुढे करायला हात आहेत. त्यांच्या आंधळेपणावर एकही कोटी नाही.

मात्र हेही खरे की रामू, मोहन आणि रहीम चाचा यांची कामे धडधाकट नटांनी केली. खऱ्या अंध गायकाला किंवा खऱ्या पांगळ्या वादकाला या भूमिकांत जागा मिळाली नाही. चेष्टेची जागा दयेने घेतली होती. दया चांगली गोष्ट आहे, पण ती वरून खाली पाहते.

छोट्या पडद्यावरचे हसू

दूरदर्शनच्या आरंभीच्या काळात मराठी माणसाला हसवणारी चांगली मंडळी भेटली. मुंबई केंद्राचा ‘गजरा’, चिमणराव आणि गुंड्याभाऊ, रामदास पाध्ये यांचा बोलका बाहुला अर्धवटराव, आणि तबस्सुम यांचे हसतमुख ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’. हा विनोद घरात आजी-आजोबांसमोर बसून पाहता येई.

त्याच सुमारास नकलांच्या कार्यक्रमांची लाटही आली. नटांचे आवाज काढून झाले की हमखास यायचे ते तोतरा, बहिरा आणि लंगडा यांचे किस्से. बहिऱ्याने भलतेच ऐकले, तोतऱ्याचा शब्द अडकला, की टाळ्या. ज्या घरात खरोखर एखादे बहिरे मूल त्या चटईवर बसलेले असे, त्या घरात त्या टाळ्या कशा वाजत असतील, याचा विचार क्वचितच कोणी केला.

विनोद माणसाला छोटा न करता कसा होतो, हे दाखवणारा एक माणूस मात्र त्या काळात होता, आणि त्याचा वरोऱ्याशी संबंध होता. दिल्लीत 15 सप्टेंबर 1959 रोजी टेलिव्हिजन सुरू झाला तेव्हा त्याच्या पहिल्या निर्मात्यांत पु. ल. देशपांडे होते. पेटी वाजवणारे, गाणारे, एकटे रंगमंचावर उभे राहून डझनभर माणसे जिवंत करणारे पु. ल. त्यांच्या चाळीतल्या माणसांवर आपण हसतो, पण त्यांच्याविषयी प्रेम वाटू लागते. पु. ल. आणि सुनीताबाई यांचे आनंदवनाशी जवळचे नाते होते. तिथल्या मित्रमेळाव्यांना ते आवर्जून येत. महाराष्ट्राला हसवणारा माणूस कुष्ठरोग्यांच्या वस्तीत पाहुणा म्हणून जातो, ही त्या दिवसांत साधी गोष्ट नव्हती.

वरोऱ्याचा वाद्यवृंद

नागपूर-चंद्रपूर रस्त्यावर वरोऱ्याजवळ बाबा आणि साधनाताई आमटे यांनी आनंदवन वसवले. 1949 साली संस्था नोंदली गेली आणि 1951 साली सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि हातात चौदा रुपये, एवढ्यावर काम सुरू झाले. खडकाळ माळ होता, जंगल होते. ज्यांना घराने हाकलले होते त्यांनी विहिरी खोदल्या, शेती केली, माग चालवले. दानाने माणूस परावलंबी होतो आणि कामाने उभा राहतो, हा बाबांचा विचार होता. पुढे तिथे अंध आणि कर्णबधिर मुलांच्या शाळा निघाल्या, अपंगांसाठी हातकामाचे शिक्षण सुरू झाले.

या शतकाच्या सुरुवातीला डॉ. विकास आमटे यांच्या कल्पनेतून इथे ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद उभा राहिला. त्यात शंभराहून अधिक कलाकार आहेत. कोणी अंध, कोणी हातापायांनी अधू, कोणी कुष्ठरोगातून बरे झालेले, कोणी कर्णबधिर. अंध गायक सिनेमाची आणि मराठी गाणी गातात. कर्णबधिर मुले-मुली नाचतात. कानावर सूर पडत नसताना ती डोळ्यांनी आणि खुणांनी ठेका पकडतात. महाराष्ट्रातल्या गावोगावी आणि बाहेरही या मंडळींनी तिकीट लावून कार्यक्रम केले आहेत.

तिकीट लावून, हा शब्द महत्त्वाचा. प्रेक्षक पैसे देतो तो भीक म्हणून देत नाही, कार्यक्रमाची किंमत म्हणून देतो. गाणे बेसूर झाले तर नाक मुरडण्याचा हक्क त्याला असतो आणि चांगले झाले तर पुन्हा म्हणा असे ओरडण्याचाही. निवेदक स्वतःच्या व्यंगावर विनोद करतो तेव्हा सभागृह हसते, पण तो विनोद त्याच्या हातात असतो. कधी थांबायचे ते तो ठरवतो. पुलिओच्या ताफ्यात ढकलणारे हात दुसऱ्यांचे होते. ‘दोस्ती’त अश्रू आपले होते आणि अभिनय धडधाकटांचा. इथे रांगही त्यांची, सूरही त्यांचा आणि हसूही त्यांचेच.

कायदा कुठे पोचला

आता हा केवळ चांगुलपणाचा प्रश्न राहिलेला नाही. 2016च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले. त्यात कमी उंची आणि बरा झालेला कुष्ठरोग या दोन्हींचा समावेश आहे. या कायद्याच्या कलम 92 नुसार अपंग व्यक्तीचा लोकांदेखत हेतुपुरस्सर अपमान केल्यास किमान सहा महिने आणि कमाल पाच वर्षे कैद व दंड होऊ शकतो.

8 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका हिंदी चित्रपटाविरुद्धच्या याचिकेवर निर्णय देताना पडद्यावरच्या विनोदात फरक केला. अपंगत्व समजून घेणारा विनोद वेगळा आणि अपंगाला हिणवणारा विनोद वेगळा. पहिल्याला जागा आहे, दुसऱ्याला नाही. जॉनी पुलिओच्या काळात असा फरक कोणी केला नव्हता.

आपल्या घरांशी थेट संबंध असलेला आणखी एक बदल 2019 साली झाला. तोवर कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होऊ शकत होते. 1939च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यातही ते होते, हिंदू आणि इतर विवाह कायद्यांतही. संसदेने दुरुस्ती करून सगळ्या कायद्यांतून ते काढून टाकले. कारण सरळ आहे. 1981 पासून अनेक औषधांचा एकत्रित उपचार उपलब्ध आहे, आजार सहा महिने ते एक वर्षाच्या औषधांनी बरा होतो आणि ही औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. चंद्रपूर-गडचिरोली भागात आजही नवे रुग्ण आढळतात. अंगावर फिकट किंवा लालसर आणि बधिर चट्टा दिसला तर लपवू नये, लगेच दाखवावे. लपवण्याने बोटे जातात, दाखवण्याने माणूस बरा होतो.

आपल्या घरात

वाद्ये आणि गाणे यांविषयी आपल्या घराघरांत वेगवेगळी मते आहेत. ज्याने त्याने आपल्या आलिमांचे ऐकावे, तो वाद इथे नको. पण टिंगलीबाबत कोणाचे दुमत नाही. सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची थट्टा करण्यास आणि वाईट टोपणनावांनी हाक मारण्यास स्पष्ट मनाई आहे. आणि हजरत अब्दुल्ला इब्न उम्मे मक्तूम या अंध सहाबींना मदिनेत अजान देण्याचे काम होते, हजरत बिलाल यांच्या बरोबरीने. त्यांना कोणी कोपऱ्यात बसवून सांभाळले नाही, जबाबदारी दिली.

आपल्या मोहल्ल्यात काय चालते ते पाहा. लंगडा, काणा, बहिरा, टिंगू, तोतरा. माणसाचे खरे नाव मागे पडते आणि व्यंग हेच नाव होते. शादीच्या पत्रिकेतसुद्धा ओळख पटावी म्हणून ते कंसात छापलेले कोणी ना कोणी पाहिले असेल. आता छपरावरची अँटेना गेली आणि प्रत्येकाच्या हातात स्वतःचा पडदा आला. त्यावर कमी उंचीच्या माणसाला ढकलून देणारे, बोलताना अडखळणाऱ्याची नक्कल करणारे छोटे व्हिडिओ रोज येतात. जॉनी पुलिओला रांगेबाहेर काढणारा विनोद सत्तर वर्षांनी आपल्या मुलाच्या खिशात येऊन बसला आहे. फरक एवढाच की तेव्हा सारे घर एकत्र बसून हसत असे, निदान कोणीतरी मोठे माणूस टोकू शकत होते. आज मूल एकटेच हसते.

म्हणून तीन गोष्टी करता येतील. एक, मुलाच्या शेजारी बसून तो कशावर हसतो ते पाहावे, आणि रागावण्याआधी एवढेच विचारावे की ज्याच्यावर आपण हसतो तोही हसतोय का? दोन, घरात अपंग मूल असेल तर त्याला पाहुण्यांसमोरून आत पाठवू नये. त्याला जे येते ते करू द्यावे, किरात असो, चित्र असो, हिशेब असो की बाजा. चुकले तर इतर मुलांना सांगतो तसे त्यालाही सांगावे. तीन, वरोरा जवळ असेल तर मुलांना घेऊन आनंदवन पाहून यावे. वरोरा स्टेशनवरून ते फार दूर नाही. तिथे मागावर विणणारी, शेतात राबणारी, शाळेत शिकवणारी माणसे दिसतील. बिचारे म्हणायची सवय तिथे आपोआप सुटते.

आणि बाजा? तो आजही खेळण्यांच्या आणि वाद्यांच्या दुकानांत मिळतो. जर्मन महाग, चिनी स्वस्त. ज्या घरात वाद्याला हरकत नाही, तिथे एखाद्या अंध किंवा हाताने अधू मुलाला तो जरूर द्यावा. छिद्रे कोणती ते त्याचे ओठ शिकतील. पहिले काही महिने घरच्यांच्या कानांची परीक्षा होईल, तेवढी सोसावी. मग एक दिवस चाल ओळखू येईल आणि त्याच्याभोवती पोरे गोळा होतील, ती ऐकायला.